राखणदार हवा की पंच?

कोकणातल्या गावाला राखणदार असतो. तो कोणाला दिसत नाही, पण आहे हे सगळे मानतात. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणे घालायचे आणि पुढचे वर्षभर त्याने गाव राखायचा, असा हा जुना करार. आंब्याच्या बागेलाही राखणदार लागतो. तो मात्र हाडामांसाचा असतो. फळ धरल्यापासून शेवटची पेटी रवाना होईपर्यंत तो काठी आणि बॅटरी घेऊन बागेतच मुक्काम ठोकतो. दोघांचे काम तसे एकच. चोराला पकडणे हे त्यांचे खरे काम नव्हे. चोराच्या मनात येण्याचा विचारच येऊ नये, हे त्यांचे काम.

खेळाच्या संघातही असा एक राखणदार असतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठेही कबड्डीच्या रात्रीच्या स्पर्धेला जा, निम्म्या संघांत तो सापडेल. अंगाने आडवा, बोलण्यात कमी. चढाईला तो क्वचितच जातो. पकडीतही फार तरबेज असतो असे नाही. पण आपल्या चढाईपटूला कोणी मुद्दाम गुडघा मारला, पाय मुरगळला, की पुढच्या दोन-चार चढायांत समोरच्या कोणाचा तरी हिशेब होतो. “आमच्या पोराला हात लावाल तर याद राखा,” हे न बोलता सांगण्यासाठी तो उभा असतो. संघाचे कारभारी म्हणतात, “तो आहे म्हणून आमची बारीक पोरं निर्धास्त खेळतात.”

मी पंचवीस-सव्वीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि त्याहून अधिक वर्षे या मैदानांवर कधी पंच, कधी गुणलेखक म्हणून बसलो आहे. कारभाऱ्यांचे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, ते खरे आहे का, असा प्रश्न विचारणेही अनेकांना चमत्कारिक वाटते. पण तो विचारायला हवा. कारण ज्यांच्या हाडांवर हा प्रयोग चालतो, ती मुले सतरा-अठरा वर्षांची असतात.

गंमत अशी की, या प्रश्नावर सर्वांत जास्त काथ्याकूट झाला आहे तो आपल्यापासून फार दूर, बर्फावर. कॅनडा आणि अमेरिकेत आइस हॉकी हा मोठ्या पैशाचा खेळ. (आपल्याकडे तो लडाखमध्ये खेळला जातो, आणि २०२५मध्ये आपल्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदकही मिळवले.) चारी बाजूंनी भिंत, पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठ्या आणि चेंडूऐवजी रबराची चकती. या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, मारामारी हा गुन्हा खरा, पण त्याची शिक्षा पाच मिनिटे बाहेर बसण्याची. तेवढी भोगून खेळाडू परत मैदानात येतो. त्यामुळे तिथे संघ पगार देऊन एक धटिंगण बाळगू लागले. इंग्रजीत त्याला ‘एन्फोर्सर’ म्हणतात. आपण त्याला राखणदारच म्हणू.

वेन ग्रेट्झ्की हा त्या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू. अंगकाठी बेताची. एडमंटनच्या संघात त्याच्या मागे आधी डेव्ह सेमेन्को आणि नंतर मार्टी मॅकसॉर्ली असे राखणदार असत. १९८८ साली ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा त्याच सौद्यात मॅकसॉर्लीही गेला. इतका मोठा खेळाडू आपला राखणदार सोबत घेऊन जातो, तर त्यात काही तथ्य असणारच, असे कोणालाही वाटेल.

आपल्या मनालाही हे पटकन पटते. ‘अरे’ला ‘कारे’ केल्याशिवाय जग सुधारत नाही, हा आपला घरगुती सिद्धान्त. आमच्या रत्नागिरीत, टिळक आळीत, जन्मलेल्या लोकमान्यांचे नावही त्यासाठी घेतले जाते. १९२० साली ‘यंग इंडिया’मध्ये टिळक आणि गांधीजी यांच्यात या विषयावर जाहीर वाद झाला. राजकारण हे साधूंचे नव्हे, संसारी माणसांचे काम आहे, तेव्हा समोरचा जसा वागेल तसे उत्तर द्यावे, असे टिळकांचे म्हणणे. शठाशीही सत्यानेच वागावे, हे गांधीजींचे. त्या वादात कोण बरोबर हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, टिळक ज्या सामन्याविषयी बोलत होते त्यात पंच नव्हता. सरकारच प्रतिपक्ष होते आणि सरकारच न्यायाधीश. मैदानावर तसे नसते. तिथे शिट्टी घेतलेला एक माणूस उभा असतो. म्हणूनच राजकारणातले ‘जशास तसे’ मैदानावर आणण्यापूर्वी ते तिथे चालते का, हे वेगळे तपासायला हवे.

कबड्डीच्या गावोगावच्या स्पर्धांच्या नोंदी कोणी ठेवत नाही. क्रिकेटच्या मात्र चेंडू-चेंडूच्या नोंदी आहेत, आणि तिथे राखणदाराचे काम वेगवान गोलंदाज करतो. “तुम्ही आमच्या फलंदाजांच्या डोक्यावर चेंडू टाकाल, तर आम्हीही टाकू,” ही ती धमकी. आणि ही धमकी जवळ नसणे म्हणजे काय, हे भारताइतके कोणत्या देशाने सोसले असेल?

मार्च १९६२. बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. मग आली एप्रिल १९७६ची किंग्स्टनची कसोटी. आधीच्या कसोटीत भारताने ४०३ धावांचे लक्ष्य पार केले होते, त्याचा राग वेस्ट इंडिजच्या मनात होता. होल्डिंग आणि मंडळींनी आखूड टप्प्याचा भडिमार केला. बडोद्याचा अंशुमान गायकवाड ८१ धावा काढून कानावर चेंडू बसल्याने जखमी होऊन परतला. विश्वनाथचे बोट मोडले, ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू बसला. कर्णधार बिशनसिंग बेदीने ६ बाद ३०६वर डाव सोडून दिला. दुसरा डाव ९७ धावांवर संपला, तेव्हा फक्त पाच फलंदाज बाद झाले होते. उरलेल्यांपैकी फलंदाजीला कोणीच उतरले नाही.

त्या दिवसांत पारावर, एस.टी. स्टँडवर आणि वाचनालयाच्या पायरीवर एकच निष्कर्ष निघाला. आपल्याकडे बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन असे फिरकीचे जादूगार आहेत, पण उलट डोक्यावर चेंडू टाकणारा कोणी नाही, म्हणून आपल्याला मारतात. तो मिळाला की हे थांबेल.

आणि तो मिळाला. ऑक्टोबर १९७८मध्ये फैसलाबादला कपिलदेव पहिली कसोटी खेळला. त्याचे उसळते चेंडू पाहून पाकिस्तानचा सलामीवीर सादिक महंमद याने हेल्मेट मागवल्याची गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. देशाची छाती फुगली, आणि ती फुगायलाही हवी होती. पण पुढे काय झाले? १९८३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात कपिल नुसता संघात नव्हता, कर्णधार होता. तरी ब्रिजटाऊनला मोहिंदर अमरनाथच्या तोंडावर चेंडू बसायचा तो बसलाच. रक्ताळलेला मोहिंदर टाके घालून परत आला आणि ८० धावा काढून गेला, हा त्याचा पराक्रम. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कानपूरला माल्कम मार्शलच्या चेंडूने सुनील गावसकरच्या हातातली बॅट उडवली. त्या मालिकेत कपिलने अहमदाबादला एका डावात ८३ धावांत ९ बळी घेतले. तरी मार्शल आणि होल्डिंग यांनी आपला एकही उसळता चेंडू आवरता घेतला नाही, आणि मालिका ३-०ने गेली.

इथे राखणदाराच्या सिद्धान्ताला पहिला तडा जातो. मार्शल उसळते चेंडू टाकत होता ते आपण दुबळे आहोत म्हणून नव्हे. त्यातून बळी मिळत होते म्हणून. ज्या कृतीतून फायदा होतो, ती माणूस उद्याच्या सुडाच्या भीतीने सोडत नाही. त्या चेंडूंना खरे उत्तर कोणी दिले? गावसकरने. कानपूरनंतर लगेच दिल्लीला त्याने हुक मारत मारत १२१ धावा केल्या आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली. चेंडूतून बळी मिळेनासा झाला की चेंडू आपोआप बदलतो.

१९६२नंतर आपल्या क्रिकेट मंडळाने जे केले, तेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सूड उगवणारा शोधण्याऐवजी मंडळाने वेस्ट इंडिजचेच चार वेगवान गोलंदाज १९६२-६३च्या मोसमात रणजी करंडकात खेळायला बोलावले. स्टेयर्स मुंबईकडून, वॉटसन दिल्लीकडून, किंग बंगालकडून आणि गिलख्रिस्ट हैदराबादकडून. हेतू एवढाच की, आपल्या फलंदाजांना वेगाची सवय व्हावी.

यातल्या रॉय गिलख्रिस्टची आधीची कथा तर या विषयाचा कळसच आहे. १९५८-५९च्या भारत दौऱ्यात त्याने चार कसोटींत २६ बळी घेतले होते. पण दौऱ्याच्या अखेरीस अमृतसरला उत्तर विभागाच्या एका फलंदाजावर तो टप्पा न पडणारे, थेट अंगावर येणारे चेंडू टाकू लागला. कर्णधार जेरी अलेक्झांडरने त्याला थांबायला सांगितले. तो थांबला नाही. अलेक्झांडरने त्याला पुढच्या पाकिस्तान दौऱ्याला न नेता घरी पाठवून दिले. गिलख्रिस्ट त्यानंतर एकही कसोटी खेळला नाही. आपल्या फलंदाजाला त्या दिवशी वाचवले ते कोणा भारतीय गोलंदाजाने नव्हे, तर प्रतिपक्षाच्याच कर्णधाराने.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकून घेऊ. वेगवान गोलंदाजांमध्ये एक अलिखित करार फार वर्षे होता: मी तुझ्या डोक्यावर टाकत नाही, तू माझ्या टाकू नकोस. हा करार परस्परांच्या भीतीवरच उभा होता आणि पुष्कळ काळ टिकला. म्हणजे भीतीचा काहीच उपयोग नाही, असे म्हणता येणार नाही. पण नीट पाहा, या करारात संरक्षण कोणाला मिळत होते? ज्याच्याकडे स्वतःचे शस्त्र आहे, त्याला. गायकवाड आणि विश्वनाथ यांना या करारात जागाच नव्हती.

१९३२-३३च्या ‘बॉडीलाइन’ मालिकेचा दाखलाही देतात. इंग्लंडच्या लारवूडने ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांच्या अंगावर मारा केला, पण ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुलने, संघातल्या काहींचा आग्रह असूनही, तसे उत्तर देण्यास नकार दिला. मग १९३३च्या उन्हाळ्यात मँचेस्टरला वेस्ट इंडिजच्या कॉन्स्टंटाइन आणि मार्टिनडेल यांनी इंग्लंडला इंग्लंडचेच औषध पाजले. हॅमंडची हनुवटी फुटली. ज्याने हे सारे सुरू केले, तो जार्डिन मात्र डगमगला नाही. त्याने उलट १२७ धावा काढल्या, त्याचे एकमेव कसोटी शतक. बदलले ते पाहणाऱ्यांचे मत. आपल्या फलंदाजांवर हे होताना इंग्रज प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले आणि मग नियम बदलण्याची भाषा सुरू झाली. सुडाने गुन्हेगार सुधारला नाही. फार तर न्यायाधीश जागा झाला.

आणि हा अलिखित करार मोडला की काय होते, ते २०२१च्या लॉर्ड्स कसोटीत दिसले. जसप्रीत बुमराने इंग्लंडच्या जेम्स अँडरसनवर, म्हणजे शेवटच्या फलंदाजावर, आखूड चेंडूंचा मारा केला. शेवटच्या दिवशी बुमरा फलंदाजीला आला आणि इंग्लंडने सूड घ्यायचा ठरवला. यष्ट्या सोडून गोलंदाज त्याच्या हेल्मेटच्या मागे लागले. बुमराने आणि शमीने मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या आणि नवव्या विकेटसाठी अभेद्य ८९ धावा जोडल्या. हातातला सामना इंग्लंडने घालवला. १२० धावांत गडगडून ते १५१ धावांनी हरले. अँडरसनवर टाकलेल्या चेंडूंनी बुमरा वाचला नाही आणि बुमरावर टाकलेल्या चेंडूंनी इंग्लंड वाचले नाही.

आता परत बर्फावर जाऊ, कारण तिथे हा प्रयोग पगारी माणसे ठेवून, अनेक दशके चालला. १९७४ आणि १९७५ साली फिलाडेल्फियाच्या संघाने दांडगाईच्या जोरावर स्टॅनले चषक जिंकला. त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५च्या मोसमात ४७२ मिनिटे शिक्षेत काढली. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. राखणदारांचे युग आले, असे सारे म्हणू लागले. पण १९७६च्या अंतिम फेरीत मॉन्ट्रियलने याच संघाला चार सामन्यांत चार वेळा हरवले, ते चपळ स्केटिंग आणि अचूक पासच्या बळावर.

राखणदार खरेच सहकाऱ्यांना वाचवतो का, याचे सर्वांत बोलके उदाहरण २००४चे आहे. १६ फेब्रुवारीला कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकूव्हरचा कर्णधार मार्कुस नॅसलुंड याला धडक दिली आणि नॅसलुंड जखमी झाला. पंचांनी शिक्षा दिली नाही; लीगनेही नंतर तपासून कारवाई केली नाही. झाले, सुडाची भाषा सुरू झाली. ८ मार्चला दोन्ही संघ पुन्हा भिडले. पहिल्याच भागात व्हँकूव्हरच्या मॅट कुकने मूरशी मारामारी केली. मूर पळाला नाही, लढला. राखणदारांच्या कायद्याप्रमाणे हिशेब तिथे मिटायला हवा होता. पण तिसऱ्या भागात टॉड बर्टुझीने मागून येऊन मूरला ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर आदळला. मूरच्या मानेचे मणके मोडले. तो पुन्हा कधीच खेळला नाही. बर्टुझीवर खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला.

ही घटना मी पुन्हा पुन्हा आठवतो, कारण तिच्यात आमच्या गावच्या मैदानाचे सारे गणित आहे. सूड जन्माला आला तो शिट्टी वाजली नाही तेव्हा. आणि एकदा हिशेब खेळाडूंच्या हाती गेला की, तो कधी पुरा झाला हे सांगणारा कोणी उरला नाही. एकाला वाटते फिटले, दुसऱ्याला वाटते अजून बाकी आहे. ग्रेट्झ्कीचा राखणदार मॅकसॉर्ली, त्याचेही शेवटी हेच झाले. फेब्रुवारी २०००मध्ये डोनाल्ड ब्रॅशियरशी झालेल्या मारामारीत तो हरला आणि त्याच सामन्याच्या शेवटच्या क्षणी त्याने ब्रॅशियरच्या डोक्यावर काठी मारली. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. त्याची लीगमधली कारकीर्द तिथेच संपली.

ओहायो स्टेट विद्यापीठाचे मायकेल बेट्झ यांनी या लीगच्या अनेक मोसमांतल्या शिक्षांचा अभ्यास करून २०२२मध्ये निष्कर्ष मांडला, तोही याच दिशेचा आहे. मारामारीने पुढचा हिंसाचार कमी होतो असे त्यांना आढळले नाही. उलट जे संघ आणि खेळाडू जास्त मारामारी करतात, तेच धोकादायक गुन्हेही जास्त करतात. म्हणजे ज्याला आपण चौकीदार समजतो, तोच चोरांच्या यादीत वर आहे!

मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातल्या एका स्पर्धेत मी गुणलेखकाच्या टेबलाशी होतो. गावांची नावे सांगत नाही. ती कुठलीही असू शकतात. उपांत्य सामन्यात एका संघाच्या चढाईपटूला पकडीत गुडघा बसला. तो लंगडत बाहेर गेला. चार चढाया झाल्या आणि त्या संघाच्या राखणदाराने समोरचा चढाईपटू उचलून खांद्यावर आपटला. गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज आम्हाला टेबलापर्यंत आला. मैदानाबाहेर शिट्ट्या आणि टाळ्या. हिशेब चुकता झाला म्हणून लोक खूश. पण गुडघा मारणारा होता उजव्या कोपऱ्याचा गडी. हाड मोडले ते त्याच्या संघातल्या एकोणीस वर्षांच्या पोराचे, ज्याने कोणाला बोटही लावले नव्हते. आंब्याचा मोसम तोंडावर होता. झाडावर चढून आंबा काढण्यावर त्या घराची चार महिन्यांची मिळकत होती, ती गेली. आणि गुडघा मारणारा? तो पुढच्या वर्षीही तसाच खेळला. त्याला कोणती जरब बसणार? त्याचे काय गेले होते?

राखणदार शिक्षा करतो ती गुन्हेगाराला नव्हे, हाताला लागेल त्याला.

आणि राखणदाराचे स्वतःचे काय होते? आइस हॉकीत २०१० साली बॉब प्रॉबर्ट ४५व्या वर्षी गेला. २०११मध्ये डेरेक बूगार्ड २८व्या वर्षी, दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकाने. दोघांच्याही मेंदूत वारंवार मार बसल्याने होणाऱ्या आजाराच्या खुणा सापडल्या. हजारो प्रेक्षक ज्यांच्या नावाने ओरडत होते, त्यांच्या रात्री कशा जात होत्या, हे नंतर उघडकीस आले.

आमचा तो राखणदार आता टेम्पो चालवतो. दोन्ही गुडघे गेलेत. मध्यंतरी बाजारात भेटला. म्हणाला, “सर, पकड मलाही येत होती. पण पकडीसाठी मला कोणी उतरवलंच नाही.” यावर काय बोलणार? गावाने त्याचा उपयोग केला, त्याला खेळाडू मात्र कधी मानले नाही. राखणदाराला वर्षातून एक नारळ तरी मिळतो. याला तोही नाही.

मग कोमल अंगाच्या, गुणी मुलांना वाचवायचे कसे? उत्तर फार नवे नाही. १९९१ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने एका षटकात एका फलंदाजाला एकच उसळता चेंडू असा नियम केला, १९९४मध्ये तो षटकाला दोन असा बदलला. आज धोकादायक आखूड मारा होत आहे असे पंचाला वाटले, तर एक शेवटची ताकीद आणि नंतर त्या डावापुरती गोलंदाजी बंद. हेल्मेट आले. २०१४मध्ये फिलिप ह्यूजचा मृत्यू झाला, त्यानंतर हेल्मेटला मानेचे संरक्षण आले. २०१९पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू मिळू लागला. आइस हॉकीने १९९२मध्ये भांडण सुरू करणाऱ्यालाच सामन्याबाहेर काढण्याचा नियम आणला, तेव्हा “आता गुणी खेळाडूंना कोण वाचवणार?” असा गळा काढण्यात आला होता. १९८०च्या दशकात जवळपास दर सामन्याला एक मारामारी होत असे. आता चार-पाच सामन्यांत मिळून एक होते. निव्वळ मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू जवळपास नामशेष झाला. खेळ मात्र बुडाला नाही; तो पूर्वीपेक्षा वेगवान झाला आहे.

कबड्डीला हे सारे मिळालेले आहे. चढाईपटूचे तोंड दाबणे, कैची मारणे, इजा होईल अशी पकड करणे हे नियमाने बाद आहे. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. पिवळ्या कार्डाची गंमत अशी की, शिक्षा नेमकी गुन्हेगाराला होते, लगेच होते आणि त्याच्या संघाला दोन मिनिटे एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. राखणदाराच्या सुडात यातले एकही नसते.

मग अडते कुठे? पंचाच्या खिशात. गावचा सामना, गावचे प्रेक्षक, मुंबईहून आलेले चाकरमानी, देणगीदार व्यासपीठावर. यजमान संघाच्या लाडक्या गड्याला पिवळे कार्ड दाखवायचे म्हणजे रात्री परत कसे जायचे, याचा विचार पंचाला आधी करावा लागतो. पंचाचे मानधन किती, हे तर विचारूच नका. कार्ड खिशातच राहते, आणि जिथे कार्ड खिशात राहते तिथे राखणदार मैदानात उतरतो. राखणदार हा धाडसाचा पुरावा नाही. पंचाला एकटे सोडल्याचा पुरावा आहे.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना काही फार खर्चाचे करायचे नाही. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना बोलावून कोणत्या पकडीला कोणते कार्ड, हे व्यासपीठावरून जाहीर करावे. पंच बाहेरच्या तालुक्यातला असावा आणि त्याला सुखरूप घरी पोचवण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. लाल कार्ड मिळालेल्या गड्याचे नाव शेजारच्या मंडळांना कळवावे. दोन स्पर्धा मुकल्या की संघाचे कारभारीच त्याला आवरतील. चषकांची उंची एक वीत कमी झाली तरी चालेल, पण मैदानाशेजारी एक डॉक्टर आणि एक गाडी असावी. आणि अलेक्झांडरने १९५९मध्ये केले ते आमच्या एखाद्या कर्णधाराने एकदा करावे. आपल्याच गड्याला सांगावे, “बस बाहेर, हे आपल्या संघात चालणार नाही.”

गावाचा राखणदार वेशीवर असू दे. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. बागेतल्या राखणदाराविषयी तर नाहीच. पण तेरा मीटर लांबीच्या त्या मैदानावर रात्री दिव्यांच्या उजेडात एखादे पोर “कबड्डी, कबड्डी” म्हणत समोरच्या सात जणांत एकटे शिरते, तेव्हा त्याच्या मागे कोण उभे आहे यापेक्षा शिट्टी कोणाच्या हातात आहे, याची चौकशी त्याच्या आईबापांनी आधी करावी.